शाळा वेल्श माध्यमाची निघाली तर? वेल्सला येणाऱ्या मराठी पालकांसाठी

एनएचएसची, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची, ऑर्डर हातात पडते, व्हिसा होतो, बँगोर नाहीतर अ‍ॅबरिस्टविथच्या हॉस्पिटलजवळ भाड्याचं घर शोधायला सुरुवात होते, आणि मग कुणीतरी सांगतं की तिथल्या शाळेत शिकवतात ते वेल्शमधून. लगेच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो: "मूल आत्ता कुठे इंग्रजीत रुळतंय, त्यात हे आणखी कशाला?" गेली काही वर्षं मी उत्तर वेल्समध्ये राहते आणि या प्रश्नाचं उत्तर फोनवर इतक्यांदा देऊन झालंय की एकदाचं लिहून ठेवते.

माझं मत आधीच सांगून टाकते. वेल्शची धास्ती घेऊ नका, घरातल्या मराठीची घ्या. वेल्श शाळा बघून घेते, इंग्रजी रस्ता, टीव्ही आणि शेजारची पोरं बघून घेतात. मराठीकडे बघायला तुमच्याशिवाय इथे कुणी नाही. खाली जे लिहिलंय ते बरंचसं या हिशेबाने लिहिलंय.

घर ठरवण्याआधी शाळेचा प्रकार विचारा

वेल्समध्ये प्रत्येक सरकारी शाळेत वेल्श हा विषय सोळा वर्षांपर्यंत सक्तीचा आहे. त्यामुळे "आम्हाला वेल्श नकोच" हा पर्याय इथे नाही. प्रश्न फक्त किती, एवढाच. ढोबळमानाने तीन प्रकार धरा: इंग्रजी माध्यमाच्या शाळा, जिथे वेल्श हा एक विषय, दुभाषी शाळा, जिथे दोन्ही भाषांतून शिकवतात, आणि वेल्श माध्यमाच्या शाळा. या प्रकारांची अधिकृत नावं २०२५ च्या नव्या वेल्श भाषा व शिक्षण कायद्याने बदलत आहेत, म्हणून नावांवर जाऊ नका. शाळेच्या ऑफिसात दोन गोष्टी थेट विचारा. गणित आणि विज्ञान कोणत्या भाषेत शिकवता? मधल्या सुट्टीत मैदानावर मुलं कोणती भाषा बोलतात? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून शाळेचा खरा रंग कळतो.

कार्डिफ, स्वॉन्झीकडे इंग्रजी माध्यमाच्या शाळा भरपूर आहेत, तिथे वेल्श माध्यम ही पालकांनी केलेली निवड असते. त्या भागातल्या वेल्श शाळांत बहुतेक मुलांच्या घरी वेल्श बोललीच जात नाही, म्हणजे तुमचं मूल तिथे वेगळं पडत नाही. उत्तर-पश्चिमेला ग्विनेद कौंटीत मात्र चित्र उलटं. २०२१ च्या जनगणनेत अख्ख्या वेल्समध्ये वेल्श येणारे सुमारे ५,३८,०००, म्हणजे १७.८ टक्के. एकट्या ग्विनेदमध्ये हे प्रमाण ६४ टक्क्यांच्या वर. तिथे गावातली शाळा वेल्शच असते, आणि दुकानात, बसमध्ये, हॉस्पिटलच्या वॉर्डातही वेल्श कानावर पडते.

हे सगळं आपोआप घडलेलं नाही. पहिली वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा १९३९ मध्ये अ‍ॅबरिस्टविथला सुरू झाली, ती सात मुलांवर. माध्यमिक शाळेला १९५६ उजाडलं. आता सरकारचं उद्दिष्ट २०५० पर्यंत दहा लाख वेल्श भाषिकांचं आहे, आणि या आकड्यात तुमचं मूलही मोजलं जाणार आहे. शाळेला ते हवं असतं. प्रवेशाच्या वेळी हे लक्षात ठेवलंत तर विनाकारण अजिजी करावी लागत नाही.

प्रवेशाचा अर्ज शाळेत नाही, कौन्सिलकडे, म्हणजे आपल्या भागाच्या स्थानिक प्रशासनाकडे करायचा. वर्षाच्या मध्ये येत असाल तर त्याचा वेगळा फॉर्म असतो. मुलाचा पासपोर्ट, जन्मदाखला आणि पत्त्याचा पुरावा तयार ठेवा. प्राथमिक शाळेपासून दोन मैलांपेक्षा जास्त, माध्यमिकपासून तीन मैलांपेक्षा जास्त अंतर असेल तर नजीकच्या योग्य शाळेपर्यंत वाहन फुकट मिळतं. पण "योग्य" मध्ये वेल्श माध्यम वेगळं धरायचं का, याचा नियम कौन्सिलगणिक बदलतो. हे फोनवर विचारून भागत नाही, ईमेलवर लेखी घ्या. प्राथमिकच्या सगळ्या मुलांना दुपारचं जेवण मोफत आहे. शाकाहारी असाल तर पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर फिश फिंगरवर गाडी येते.

वयाप्रमाणे वाट वेगळी

तीन-चार वर्षांचं मूल असेल तर करण्यासारखं फारसं काही नाही, सरळ पाठवा. त्याआधी दोन वर्षांपासून 'किल्ख मेइथ्रिन' नावाच्या वेल्श बालवाड्या आहेत. त्या चालवणारी संस्था १९७१ पासून हे काम करतेय. अजून लहान असेल तर 'ती आ वी' गटात तुम्ही बाळाला घेऊन बसायचं, गाणी म्हणायची. सात वर्षांपर्यंत वेल्श शाळेत सगळ्यांनाच वेल्शमध्ये बुडवून काढतात. इंग्रजीचे रीतसर धडे साधारण सातव्या वर्षी सुरू होतात. या वयात आलेल्या मुलाला कुणी मागे पडलेलं म्हणत नाही, कारण वर्गच सुरुवातीला असतो.

सात ते अकरा हा खरा प्रश्नाचा वयोगट, आणि आपल्याकडून येणारी बरीच मुलं याच वयाची असतात. पुण्यात तिसरी-चौथी झालेली, लिहिता-वाचता येणारी, आणि इथे वर्गात एक अक्षर न कळणारी. यांच्यासाठी भाषा केंद्रं आहेत. त्याबद्दल पुढे सविस्तर.

अकरा ते चौदा वयाला केंद्रं काही भागांत आहेत, पण मेहनत दुप्पट. या वयात मुलांना चुकीची भीती नसते, हसं होण्याची असते. मुलाचा स्वभाव बघून ठरवा. बोलकं, खेळात रमणारं मूल असेल तर फुटबॉलच्या मैदानावर अर्धं काम होतं.

चौदाच्या पुढे असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: पर्याय असेल तर इंग्रजी किंवा दुभाषी शाळा घ्या. जीसीएसईच्या, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या बोर्ड परीक्षेच्या, दोन वर्षांत रसायनशास्त्र आणि नवी भाषा एकदम शिकायला लावणं हा मुलावर अन्याय आहे, मग तुमचं भाषाप्रेम कितीही असो. पर्यायच नसेल तर परीक्षेचे पेपर इंग्रजीतून देता येतील का हे शाळेला प्रवेशाआधी विचारून घ्या.

ट्रेनी डॉक्टरांसाठी एक वेगळी गोष्ट. तुमची पोस्टिंग वर्षा-वर्षाला एका हॉस्पिटलातून दुसरीकडे जाते. रोटेशनचा पुढचा मुक्काम कुठे आहे हे कळेपर्यंत मोठ्या मुलाला केंद्रात घालण्याची घाई करू नका. लहानग्यांना काही फरक पडत नाही.

भाषा केंद्र म्हणजे नक्की काय

उशिरा आलेल्या मुलांसाठी वेगळ्या केंद्रांची कल्पना ग्विनेदमध्ये १९८० च्या दशकात सुरू झाली. बाहेरून कुटुंबं येत होती आणि गावच्या शाळेत एकदम पाच-सहा इंग्रजी बोलणारी मुलं आली की वर्गाची भाषाच बदलायची. तेव्हा या मुलांना आधी एक टर्म बाजूला घेऊन वेल्श द्यायची आणि मग आपल्या वर्गात पाठवायचं, असं ठरलं. ही पद्धत आता इतर कौन्सिलांनीही कमी-जास्त प्रमाणात उचलली आहे. मूल पटावर आपल्या शाळेच्याच राहतं, पण आठवड्यातले बहुतेक दिवस केंद्रात जातं. वर्ग अगदी छोटा, शिक्षक अनुभवी, आणि केंद्रानंतरही काही काळ शाळेत येऊन मदत करणारे. तुमच्या कौन्सिलमध्ये अशी सोय कुठे आहे, जागा कधी मिळेल, ने-आण कोण करणार, हे तिन्ही प्रश्न प्रवेशाच्या अर्जासोबतच विचारा. जागा मोजक्या असतात.

आमच्या मुलाच्या केंद्रात पालकांना एका दुपारी बोलावलं होतं. कोपऱ्यात खोटं दुकान, टोपलीत लाकडी भाज्या. वेल्शमध्ये गाजरांना म्हणतात 'मोरोन', आणि इंग्रजीत 'मोरॉन' म्हणजे मूर्ख, त्यामुळे इंग्रजी येणारी पोरं आधी पोटभर हसून घेतात. एक मुलगी गिऱ्हाईक, एक मुलगा दुकानदार. तिने टोपलीकडे बोट दाखवून मागितलं: "गा ई वोरोन, ऑस ग्वेलुख अन दा?" मला गाजरं द्याल का, प्लीज. टोपलीत मोरोन, मागितले की वोरोन. बाईंनी 'म' चा 'व' का झाला याचा एक शब्दही सांगितला नाही. चीजचा नंबर आला, टोपलीत 'काउस', मागताना 'गाउस'. मग सफरचंद, त्याला काही होत नाही. अर्ध्या तासात आठ मुलांनी तेच वाक्य बहुधा पन्नास वेळा म्हटलं असेल, आणि कुणालाही तो अभ्यास वाटला नाही. पुढच्या टप्प्यावर ग्विनेदच्या केंद्रांत 'अबेरूला' नावाचं एक आभासी वेल्श गाव वापरतात. त्यात मुलं दुकानांतून, रस्त्यांवरून फिरत बोलतात. पण खरं काम त्या लाकडी गाजरांनी होतं असं मला वाटतं.

शब्दाचं पहिलं अक्षर बदलणं हा वेल्शचा सगळ्यात बदनाम भाग. मोठी माणसं याला घाबरून क्लास सोडतात. मांजर म्हणजे 'काथ', त्याचं मांजर 'ई गाथ', तिचं मांजर 'ई खाथ'. मराठीत आपण घोडाचं घोड्याला करतो, पाणीचं पाण्यात करतो, तेही शब्द बदलूनच, फक्त शेपटाकडून. मूल घरी हे रोज बिनचूक करत असेल तर तोंडाकडून बदलणं त्याला जड जात नाही. तक्ते करून पाठ करून घेऊ नका, चुकलं तर दुरुस्तही करू नका. शाळा करेल.

पहिले काही महिने: मूल गप्प राहील

हे लिहून ठेवा आणि फ्रिजवर लावा. नवी भाषा कानात साठवण्याच्या काळात बरीच मुलं बोलतच नाहीत. काही आठवडे, काहींच्या बाबतीत काही महिने. शिक्षकांना हे माहीत असतं, ते काळजी करत नाहीत. काळजी आपण करतो. आणि मग रविवारी व्हिडिओ कॉलवर, "आजीला जरा वेल्श बोलून दाखव ना." मूल तोंड फिरवतं, आजी म्हणते बिचाऱ्यावर भार पडतोय, आणि आपण सोमवारी शाळेत फोन करतो. हा सगळा प्रकार टाळा.

मात्र गप्प असणं आणि दुःखी असणं यात फरक आहे. मूल घरी मराठीत नेहमीसारखं बडबडतंय, जेवतंय, खेळतंय, तर ठीक. घरीही गप्प झालं, शाळेत जायच्या वेळी पोट दुखायला लागलं, तर वर्गशिक्षकांशी लगेच बोला. गणितही मागे पडतंय असं वाटलं तर भाषेवर ढकलून वाट बघत बसू नका. वाचनात, ऐकण्यात खरी अडचण असेल तर वेल्श शाळेतही विशेष मदतीची तरतूद कायद्याने आहे. तपासताना मुलाची मराठी कशी आहे तेही विचारायला सांगा.

सुरुवातीला पाच वाक्यं पुरतात. "बोरे दा", सुप्रभात. "दिओल्ख", थँक्यू. "दू ई दिम अन देआल्ल", मला समजलं नाही. "बेथ अदी हुन?", हे काय आहे? आणि सर्वांत महत्त्वाचं, "गा ई व्हिंद इर ती बाख?", बाथरूमला जाऊ का? हे शेवटचं घरी आधीच पाठ करून पाठवा. वेल्समध्ये शाळेत गेलेल्या कुठल्याही माणसाला, बाकी सगळी वेल्श विसरला तरी, हे वाक्य येतं.

मराठी मुलाला काय सोपं, काय अवघड

वाचन सोपं. वेल्श बहुतांशी लिहिल्याप्रमाणे बोलतात, देवनागरी वाचणाऱ्याला ही शिस्त ओळखीची वाटते. फक्त लिपी रोमन असल्यामुळे इंग्रजीची सवय आड येते. 'डब्ल्यू' हा बहुतेक वेळा स्वर, ऊ. 'एफ' एकच असेल तर व, दोन असतील तर फ. दोन 'डी' म्हणजे जीभ दातांत ठेवून म्हटलेला द. दोन 'एल' हा एकच खरा नवा आवाज: जीभ 'ल' म्हणायला ठेवा आणि घशातून आवाज न काढता बाजूने हवा सोडा. गावांच्या नावांत तो पदोपदी येतो. मुलांना दोन दिवसांत जमतो, मला अजून पाहुण्यांसमोर जमत नाही. 'र' मात्र आपला खणखणीत असतो, त्यावर शिक्षक खूश होतात.

'हो' आणि 'नाही' ला एकच एक शब्द नाही. दूध आहे का? तर 'आहे', म्हणजे 'ओइस'. इंग्रजीतून आलेल्या मुलांना हे विचित्र वाटतं. आपल्याकडे "येतोस का?" ला "येतो" हेच उत्तर असतं, त्यामुळे आपल्याला नाही. 'ती' आणि 'खी' म्हणजे तू आणि तुम्ही. कुणाला काय म्हणायचं ते मराठी मुलाला एकदाही सांगावं लागत नाही, बाईंना ते आपसूक 'खी' म्हणतं.

गणितात तर मजा आहे. शाळेतली मोजणी अशी: तेवीस म्हणजे 'दाइ देग त्री', दोन दहा तीन. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस तीन' आणलं तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता. इथे मुलं कित्येक वर्षं तसंच शिकतात आणि कुणाचं काही बिघडलेलं नाही. जुनी मोजणीही आहे, ती विसांची. ऐंशीला म्हातारी माणसं 'पेदवार इगाइन' म्हणतात, शब्दशः चार विसा. गावाकडच्या आजोबांना फोनवर सांगा, त्यांना आवडेल.

उत्तर आणि दक्षिणेच्या बोलीतला फरक आधी माहीत असू द्या. आजी उत्तरेत 'नाइन', दक्षिणेत 'मामगी'. दूध उत्तरेत 'ल्लेव्रिथ', दक्षिणेत 'ल्लाइथ'. वेल्श शिकायचं अ‍ॅप उघडलं की आपल्या भागाची बोली निवडता येते का ते बघा.

घरी काय करायचं

मराठी बोला. "शाळेला मदत म्हणून" घरात इंग्रजी सुरू करणारी कुटुंबं मी बघितली आहेत. दोन वर्षांत मुलाची वेल्श छान होते, इंग्रजी छान होते, आणि आजीशी बोलायला आई दुभाषी लागते. शाळेने तसा सल्ला दिला तरी नम्रपणे नाही म्हणा. खरं तर वेल्श शाळा असा सल्ला क्वचितच देते, घरची भाषा हातातून जाणं म्हणजे काय ते या लोकांनी दोन-तीन पिढ्यांत बघितलंय.

नुसतं बोलून भागत नाही, वाचायलाही हवं. रात्री झोपताना दहा मिनिटं मराठी पुस्तक. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात, सामान भरताना पुस्तकांचं वजन वाचतं. आणि शाळेत शिकलेलं घरी मराठीत समजावून सांगायला लावा. पाण्याचं चक्र वेल्शमध्ये कळलंय का हे तपासायचा तोच सोपा मार्ग: मराठीत सांगता आलं तर कळलंय.

वेल्शसाठी घरी एवढंच करा की ती कानावर पडू द्या. एस-फोर-सी हे वेल्श चॅनेल १९८२ पासून आहे. त्यावर लहान मुलांसाठी 'क्यू' असतं, ऑनलाइनही दिसतं. सबटायटल्स बंद ठेवा. 'मॅगी अ‍ॅन' नावाची वाचनाची मोफत अ‍ॅप्स चिमुकल्यांसाठी उत्तम. 'हुब' हे शाळांचं सरकारी पोर्टल, त्याचं लॉगिन मुलाला शाळेतून मिळतं. गृहपाठाची सूचना बहुतेक शाळा दोन्ही भाषांत देतात. देत नसतील तर मागा, त्यात कमीपणा नाही.

तुम्ही किती शिकायचं?

सक्ती कुणाचीच नाही. वेल्श न येणाऱ्या पालकांसाठी 'क्लुब कुच' नावाचे छोटे सुरुवातीचे वर्ग असतात, आणि त्यापुढे मोठ्यांना वेल्श शिकवणाऱ्या राष्ट्रीय केंद्राचे 'दिस्गी कमराइग' (वेल्श शिका) अभ्यासक्रम, ऑनलाइनही. ड्यूटीच्या वेळा बघून जमेल तेवढं करा. पेशंटला "बोरे दा" म्हणणारा मराठी डॉक्टर इथल्या वॉर्डात फार लवकर आपला होतो, हा वरचा फायदा. पण मुलासमोर वेल्शची मास्तरकी करू नका. तुमचे उच्चार ते आठवडाभरात सुधारायला लागेल, तेव्हा त्याचेच विद्यार्थी व्हा.

शाळेबाहेर

'इर्द' ही १९२२ मध्ये सुरू झालेली वेल्श युवक संघटना. मुलाचं सदस्यत्व घ्या. त्यांचे क्लब असतात आणि ल्लानग्रानोग व ग्लान-ल्लिन इथे निवासी शिबिरं. शाळेची ट्रिप निघाली की पैसे भरा आणि पाठवा, कारण सलग दोन-तीन दिवस चढाई, नौका, पांघरुणात गप्पा हे सगळं वेल्शमधून होतं आणि परत येताना मुलाच्या तोंडात वर्गात कधीच न शिकवलेले शब्द असतात. त्यांतले काही बाईंसमोर बोलण्यासारखे नसतात.

१ मार्च हा सेंट डेव्हिडचा दिवस. डॅफोडिल नाहीतर लीक लावून मुलं शाळेत येतात, गाण्या-पाठांतराच्या स्पर्धा होतात. मे अखेरीस इर्दचा मोठा आइस्टेदवद, म्हणजे गाणी-पाठांतराच्या स्पर्धांचा महोत्सव, त्यात नव्याने वेल्श शिकणाऱ्यांसाठी वेगळे गट आहेत. आपल्या पोरांना मनाच्या श्लोकांच्या पाठांतराची थोडी जरी सवय असेल तर इथे ती पटकन उभी राहतात. नाव द्यायची मुदत बरीच आधी संपते, ख्रिसमसच्या सुमारासच बाईंना विचारा.

आणि बदली इंग्लंडला झाली तर

हा प्रश्न सगळे दबक्या आवाजात विचारतात. बोलण्याच्या इंग्रजीची काळजी नको, ती आलेली असते. अडतं ते लेखनात, विशेषतः आठ-नऊ वर्षांच्या मुलांचं, कारण रीतसर इंग्रजी स्पेलिंग सुरू होऊन थोडाच काळ झालेला असतो. निघायच्या टर्ममध्ये रोज थोडं इंग्रजी लेखन घ्या. शाळेकडून प्रगतीचा अहवाल इंग्रजीत मागून घ्या, आणि गणिताच्या संज्ञांची वेल्श-इंग्रजी यादीही मागा. बेरीज येते, 'अ‍ॅडिशन' हा शब्द माहीत नसतो, आणि नव्या शाळेतली चाचणी पहिल्याच आठवड्यात असते.